झुंज घरी आणताना

गेल्या दिवाळीत माझा धाकटा भाऊ पुण्याहून सहकुटुंब भोपाळला आला, तेव्हा त्याच्या मुलाने आपले खेळाचे यंत्रही बरोबर आणले होते. फराळाच्या बशा उचलल्या जातात न जातात तोच त्याने ते बैठकीतल्या टीव्हीला जोडले. पडद्यावर दोन योद्धे समोरासमोर उभे ठाकले आणि त्यांना पाहताच माझा पंचेचाळीस वर्षांचा भाऊ खुर्ची सोडून सतरंजीवर जाऊन बसला. खेळ होता ‘स्ट्रीट फायटर टू’. कोपऱ्यातील आरामखुर्चीत आमचे वडील बसले होते. वय वर्षे शहाऐंशी. त्यांनी चष्मा सावरला आणि विचारले, “हा तोच ना रे?”

हा ‘तोच’ म्हणजे कोणता, हे सांगायचे तर वाचकांना तीस वर्षे मागे न्यावे लागेल.

साल १९९४. आम्ही तात्या टोपे नगरातील सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. भाऊ तेव्हा चौदा वर्षांचा, आणि मी नुकताच शिक्षकाच्या नोकरीला लागलेलो. न्यू मार्केटमध्ये एका दुकानाच्या माडीवर व्हिडिओ गेमचे पार्लर होते. भिंतीलगत कपाटाएवढ्या चार-पाच पेट्या, प्रत्येकीभोवती पोरांचे कोंडाळे. रुपयाला एक डाव. दोघे झुंजत, जो जिंके तो तसाच उभा राही, जो हरे त्याने बाजूला व्हावे आणि पुन्हा उतरायचे असेल तर रांगेच्या शेवटी जाऊन नवा रुपया काढावा. भाजी आणायला दिलेल्या पैशांत वरचेवर रुपया कमी पडू लागला, तेव्हा चिरंजीव कुठे जातात याचा घरात उलगडा झाला.

वडिलांनी मारले नाही, रागेही भरले नाहीत. त्यांनी आपल्या परीने विचार केला: खेळच हवा ना, मग तो घरीच आणू, पोरगा नजरेसमोर राहील आणि रोजचा रुपयाही वाचेल. महिन्याच्या किराण्याइतके पैसे खर्चून त्यांनी टीव्हीला जोडायचा एक व्हिडिओ गेम आणि त्याच झुंजीचे चित्र असलेली एक कॅसेट आणली. भाऊ दोन दिवस खेळला. तिसऱ्या दिवशी त्याने तो संच पुन्हा खोक्यात ठेवला. वडिलांनी विचारले, “काय कमी आहे त्यात?” तो म्हणाला, “काही नाही.” आणि संध्याकाळी पुन्हा बाजाराच्या वाटेला लागला. वडील त्यावर काही बोलले नाहीत. पण ते खोके माळ्यावर चढवताना त्यांचा चेहरा मी पाहिला आहे.

त्यात काय कमी होते? चौदा वर्षांच्या मुलाला ते शब्दांत सांगता आले नाही. माझा पेशा भाषेचा. मूळ कृती एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात नेताना काय टिकते आणि काय गळते, हा माझ्या आवडीचा विषय. म्हणून वडिलांच्या त्या प्रश्नाचे उत्तर, उशिरा का होईना, मी शोधून पाहिले.

‘स्ट्रीट फायटर टू’ हा जपानमधील कॅपकॉम या कंपनीने १९९१ साली पार्लरच्या पेटीसाठी तयार केलेला खेळ. निवडायला आठ योद्धे. त्यांत धालसिम नावाचा एक भारतीय योगीही आहे. हातपाय लांबवून मारणारा, तोंडातून आग ओकणारा! त्याच्या आखाड्यात दोन्ही बाजूंना हत्ती उभे. आपल्या देशाविषयी परक्यांची कल्पना काय असते, याचा तो एक नमुनाच. पेटीवर प्रत्येक खेळाडूला आठ दिशांना फिरणारा एक दांडा आणि सहा कळा. तीन गुद्द्यांच्या, तीन लाथांच्या, हलक्यापासून जोरकसापर्यंत. परंतु खेळाचा खरा जीव या कळांच्या क्रमात आहे. दांडा खाली, मग तिरपा, मग पुढे, आणि लगेच गुद्द्याची कळ: हे एका दमात साधले तर हातातून तेजाचा गोळा सुटतो. क्षणभर उशीर झाला की नुसताच गुद्दा पडतो. पेटीच्या पडद्यावर सेकंदाला सुमारे साठ चित्रे उमटतात, आणि वार लागला की हुकला याचा निर्णय त्यांतल्या दोन-चार चित्रांत होऊन जातो. तबलजीची मात्रा चुकावी तसे ते चुकणे असते.

आता घरच्या यंत्राकडे वळू. आमच्याकडे आला तो संच आठ-बिटी जातीचा, म्हणजे १९८३ साली जपानमध्ये निघालेल्या ‘फॅमिकॉम’ या यंत्राची नक्कल. कॅपकॉमने या जातीच्या यंत्रासाठी ‘स्ट्रीट फायटर टू’ कधी काढलाच नव्हता; बाजारात होत्या त्या भलत्यांनीच बनवलेल्या कॅसेटी. आमच्या कॅसेटवर चित्र आठ योद्ध्यांचे, आत निघाले चार. सहा कळांचे काम दोन कळांवर आलेले. त्यामुळे हलका, मधला आणि जोरकस हा भेदच पुसला गेला. शिवाय त्या यंत्राला पडद्याच्या एका आडव्या रेषेवर हलत्या चित्रांचे आठच तुकडे दाखवता येतात, आणि प्रत्येक तुकडा आठ ठिपके रुंद. म्हणजे सारे मिळून चौसष्ट ठिपके. दोन धिप्पाड योद्धे भिडले की ही मर्यादा ओलांडली जाई, आणि कुणाचा हात, कुणाचा पाय लुकलुकत नाहीसा होई.

आणखी एक गोष्ट माझ्याही फार उशिरा ध्यानात आली. आपल्या देशातील तेव्हाचे टीव्ही पाल पद्धतीचे होते, आणि त्या पद्धतीत सेकंदाला साठऐवजी पन्नास वेळा चित्र उमटते. दर चित्रागणिक एक पाऊल पुढे सरकणारा खेळ अशा पडद्यावर आणला की त्याची गती आपोआप सहाव्या हिश्शाने मंदावते. युरोपातही लोकांना अधिकृत कॅसेटीवर हाच खेळ असाच मंदावलेला, वरखाली काळ्या पट्ट्यांसह पाहावा लागला. भावाच्या बोटांत पार्लरचा ताल भिनलेला होता. घरच्या पडद्यावर तो ताल लागेना.

याउलट १९९२ साली सुपर निन्टेंडो या सोळा-बिटी यंत्रासाठी कॅपकॉमने स्वतः केलेले रूपांतर पाहा. पेटीच्या पडद्याची रुंदी ३८४ ठिपक्यांची, या यंत्राची २५६ ठिपक्यांची. म्हणून आकृत्या आवळाव्या लागल्या. आरंभीचे रस्त्यावरील मारामारीचे दृश्य गळले, आणि मधल्या डावातील पिंपे जाऊन तेथे विटा आल्या. तरीही या रूपांतराच्या साठ लाखांहून अधिक प्रती खपल्या. कारण त्याच्या हातातल्या फळीवर सहा कळा होत्या, चार वर आणि दोन कडेला, आणि मूळच्या चाली मूळच्याच क्रमाने साधत होत्या. सेगाच्या मेगा ड्राइव्ह यंत्राच्या फळीवर तीनच कळा होत्या. १९९३ साली त्यावर हा खेळ आला, तेव्हा त्या निमित्ताने सहा कळांची नवी फळी काढावी लागली. देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंजारराव’ केला तेव्हा नावे बदलली, वेष बदलला. पण मत्सराचा दाह निवू दिला नाही, म्हणून ते नाटक मराठी रंगभूमीवर उभे राहिले. येथेही न्याय तोच. चित्र थोडे फिके पडले तरी चालते. ताल गेला की खेळ गेला.

पुढे यंत्रेच एकमेकांच्या जवळ आली. १९९४ सालचा ‘टेकेन’ हा झुंजीचा खेळ पार्लरच्या ज्या यंत्रावर आला, त्याची घडणच घरगुती प्लेस्टेशनवर बेतलेली होती; साहजिकच १९९५ साली तो फारसे काही न गमावता घरी आला. आणि २०१८ साली कॅपकॉमने स्ट्रीट फायटर मालिकेच्या तिसाव्या वर्षानिमित्त पार्लरमधील मूळ बारा खेळ जसेच्या तसे एकत्र काढले. दिवाळीत माझ्या पुतण्याने लावला तो त्यांतलाच. अर्थात आजचे सपाट टीव्ही चित्र सजवण्यात काही क्षण घालवतात आणि तेवढी कळ उशिरा लागू पडते. म्हणून टीव्हीत खेळासाठी वेगळी सोय असते. पुतण्याने ती आठवणीने सुरू केली होती.

तेव्हा आता चित्र तेच, कळा सहा, तालही तोच. भावाने दांडा नसूनही पहिल्याच प्रयत्नात तेजाचा गोळा सोडला. पुतण्या हरला, त्याने कळ दाबली, डाव पुन्हा सुरू झाला. पुन्हा हरला, पुन्हा कळ दाबली. अर्ध्या तासाने मुलगा कंटाळून फोन घेऊन आत गेला.

वडील शांतपणे पाहत होते. त्यांनी तीस वर्षांपूर्वीचा तोच प्रश्न विचारला, “आता काय कमी आहे त्यात?”

या वेळी भावाने उत्तर दिले. “बाबा, रुपया. तिथे हरलं की रुपया जायचा आणि जागाही जायची. मागे वीस पोरं उभी असायची, नावगाव ठाऊक नसलेली. बैरागढचा एक मुलगा होता, त्याला हरवायला मला दोन महिने लागले. हरवलं तेव्हा त्यानेच माझ्या पाठीवर थाप मारली. ते घरी कसं येणार?”

मी मनाशी म्हटले, वडिलांनी जो रुपया वाचवण्यासाठी एवढा खर्च केला, त्या रुपयातच खेळाचे वजन होते. यंत्रांनी चित्र घरी आणले, मग तालही आणला. पण हरण्याची किंमत आणि अनोळखी प्रतिस्पर्धी या दोन गोष्टी कोणत्याही कॅसेटमध्ये मावल्या नाहीत. आणि हेही खरे की वडील त्या माडीचा जिना एकदाही चढले नव्हते. मीसुद्धा चढलो नव्हतो. पुढे मुख्याध्यापक झाल्यावर किती मुलांना मी अशा ठिकाणांहून परत आणले, पण ती तेथे काय शोधत होती, हे एकालाही विचारले नाही. मुलाला एखाद्या गोष्टीऐवजी दुसरी गोष्ट द्यायची असेल, तर आधी मूळ गोष्ट एकदा डोळ्यांनी पाहून यावी, एवढे तरी आपण करू शकतो.

वडील बराच वेळ गप्प होते. मग भावाला म्हणाले, “तेव्हाच सांगायचं होतंस.”

“सांगितलं असतं तर काय केलं असतंत, बाबा?”

“रुपया दिला असता,” ते म्हणाले. “आणि एकदा बरोबर आलो असतो.”