स्टफिंगचं पाकीट आणा, मीटलोफ करा

अमेरिकेतल्या घरगुती मीटलोफची सगळ्यात सोपी कृती सांगते. कांदा चिरायला नको, मसाले मोजायला नकोत. स्टोव्ह टॉप स्टफिंगच्या 170 ग्रॅमच्या पाकिटात सुक्या पावाचे तुकडे, सुका कांदा, मसाले सगळं असतं. 1972 साली बाजारात आलेल्या या मिश्रणामागे रूथ सीम्स यांचं डोकं! पावाच्या तुकड्यांचा आकार त्यांनी असा नेमका साधला की पाणी शोषूनही त्यांचा लगदा होत नाही. मीटलोफमध्ये हेच कामी येतं. खिम्याला सुटणारा रस पाव धरून ठेवतो आणि लोफ कोरडा पडत नाही.

साधारण 900 ग्रॅम बीफ खिमा, अख्खं पाकीट, एक कप पाणी, दोन अंडी, पाव कप केचप. हलक्या हातानं कालवा. कणकेसारखं मळलंत तर लोफ घट्ट होतो. ट्रेमध्ये लांबट आकार द्या, वरून आणखी केचप फासा आणि 190 अंश सेल्सिअसला तासभर भाजा. थर्मामीटर मधोमध खुपसल्यावर 71 अंश दिसलेच पाहिजेत, टर्कीचा खिमा असेल तर 74. मग दहा मिनिटं थांबा, नाहीतर काप तुटतात. आणि मीठ वेगळं घालू नका, पाकिटात भरपूर असतं.