खुलताबादेत आणखी कोण कोण आहे?

परवा वेरूळहून येताना एकाने विचारलं, "खुलताबादेत औरंगजेबाच्या कबरीशिवाय आहे काय?" अहो, बरंच!

मलिक अंबर घ्या. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. १६२६ साली गेला, पण घुमटाची कबर हयातीतच बांधून ठेवली होती. जवळच पत्नी बीबी करीमाची कबर.

मला जास्त चटका लावतो तो तानाशहा, गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा. औरंगजेबाने १६८७मध्ये त्याचं राज्य घेतलं आणि त्याला दौलताबादच्या किल्ल्यात डांबलं. तो मेलाही कैदेतच. आता तो आणि औरंगजेब, दोघांच्याही कबरी एकाच गावात!

हैदराबादचा पहिला निजाम १७४८मध्ये वारला बुऱ्हाणपुरात, दफन मात्र इथल्या बुऱ्हाणुद्दीन दर्ग्यात.

जायचा बेत असेल तर विचारा, कुठून सुरुवात करायची ते सांगतो.