चार बाय सहाचं बाथरूम: टाइल्स निवडायच्या आधी काय बघायचं?

आजचा विषय अगदी घरातला आहे. जुनं, छोटं, जरा कळकट झालेलं बाथरूम नवं करायचं तर सुरुवात कुठून करायची?

मी मुलुंडला राहते. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, कुठेही जा, चाळीस वर्षांपूर्वीच्या बिल्डिंगमधलं बाथरूम साधारण सारखंच असतं. चार बाय सहा फूट, कमरेपर्यंत पांढऱ्या लाद्या, वर ऑइलपेंट, कोपऱ्यात पाण्याचं पिंप आणि डोक्यावर माळा. आपण रील्स बघतो आणि आधी टाइल्सचा रंग ठरवतो. माझं म्हणणं एवढंच आहे की टाइल्स शेवटी येतात. कारण आपल्या बाथरूमची जमीन म्हणजे खालच्या काकूंच्या घराचं छत.

लादीखाली काय असतं?

बऱ्याच जुन्या बिल्डिंगमध्ये बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा साधारण फूटभर खाली असतो. त्या खड्ड्यातून पाइप जातात आणि वरची जागा विटांचे तुकडे आणि सिमेंटने भरतात. हाच आपला ‘ब्रिकबॅट कोबा’. त्यातला कोबा हा शब्द आपला मराठीच. त्यावर लादी बसते.

वर्षं गेली की लाद्यांच्या सांध्यांतलं सिमेंट झिजतं. रोजच्या आंघोळीचं थोडं थोडं पाणी आत जातं आणि कोब्यात साठत राहतं. तिथून ते स्लॅबमध्ये उतरतं आणि आतल्या सळ्यांना गंज चढतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे आतून दाब येऊन काँक्रीट तडकतं. खालच्या घरात आधी ओल दिसते, मग पोपडे येतात, मग प्लास्टर पडतं. वरून मात्र सगळं ठीकठाक दिसत असतं.

म्हणून कोणी म्हणालं, “ताई, तोडफोड नको, लादीवर लादी लावून देतो, दोन दिवसांत काम,” तर आधी एक गोष्ट करा. खालच्या घरी जा, चहा घ्या आणि त्यांच्या बाथरूमचं छत बघा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. छत कोरडं असेल तर भिंतीच्या लाद्यांवर नवीन लाद्या लावायचा विचार करता येईल. ओल असेल तर वरून नवीन लादी लावणं म्हणजे गळती झाकणं.

गळतीचा खर्च कोणाचा, यावरून सोसायट्यांमध्ये वर्षानुवर्षं भांडणं चालतात. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये यावर ढोबळ विभागणी आहे. पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, तर फ्लॅटच्या आतल्या टॉयलेट-सिंकची गळती त्या सभासदाने.

हातोडा पडण्याआधी

सोसायटीला लेखी अर्ज द्या. कामाची वेळ, लिफ्टचा वापर, डिपॉझिट, पाणी कधी बंद ठेवायचं, हे सगळं आधी ठरवून घ्या. फुटलेल्या लाद्या आणि विटांचा राडारोडा नाल्यात किंवा खाडीकाठी टाकू नका. महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे, ती वापरा. गोणी कुठे जाणार हे कंत्राटदाराकडून कामाआधीच वदवून घ्या.

आणि एक गोष्ट मी हात जोडून सांगते. खांब आणि बीम यांना हात लावायचा नाही. पाइप लपवायला, शेल्फ काढायला, दोन इंच जागा वाढवायला, कशासाठीच नाही. घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली सिद्धी साई इमारत आठवते? २५ जुलै २०१७ रोजी ती कोसळली आणि १७ माणसं गेली. तळमजल्यावर फेरबदलाचं काम सुरू होतं आणि त्यात खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. ते काम बाथरूमचं नव्हतं, पण “आमच्या घरात आम्ही काहीही करू” हा विचार किती महाग पडतो, ते उपनगराने तेव्हा पाहिलं. बाथरूमची जागाच बदलायची असेल किंवा भिंत पाडायची असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि रीतसर परवानगी हवीच.

आता कामाचा क्रम

पहिलं प्लंबिंग. जुने लोखंडी पाइप आतून गंजून अरुंद झालेले असतात. नळाला धार बारीक येते, त्याचं हे एक कारण. गरम-थंड पाण्यासाठी आता सीपीव्हीसी पाइप टाकतात. भिंत बुजवण्याआधी प्लंबरकडून प्रेशर टेस्ट करून घ्या आणि प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, शेजारी मेजरिंग टेप धरून. पुढे आरशासाठी ड्रिल मारताना हाच फोटो पाइप वाचवेल.

‘नहाणी ट्रॅप’ही आत्ताच बदला. सांडपाण्याच्या त्या खोलगट जाळीला देशभरातले प्लंबर याच नावाने ओळखतात, आणि नाव आलंय आपल्या न्हाणीवरून. त्यात थोडं पाणी कायम साठून राहतं आणि तेच ड्रेनेजचा वास आणि झुरळं अडवतं. महिनाभर घर बंद असलं की वास येतो, कारण ते पाणी सुकलेलं असतं. तांब्याभर पाणी ओतलं की काम झालं.

दुसरं वॉटरप्रूफिंग. कोपरे, पाइपांभोवतीची जागा आणि भिंतीचा खालचा फूटभर भाग यात सोडायचा नाही. मग परीक्षा. ट्रॅप बंद करा, दोन-तीन इंच पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारा आणि ४८ तास थांबा. रेघेखाली थोडं पाणी उतरलं तर ते वाफेनेही होतं. खरा निकाल खालच्या घरात लागतो, म्हणून तिथे जाऊन छत बघा. कंत्राटदाराला घाई असते, तुम्ही मात्र ही टेस्ट पास झाल्याशिवाय पुढचा हप्ता देऊ नका.

तिसरं लादी. हिशोब सोपा आहे. चार बाय सहाची जमीन म्हणजे २४ चौरस फूट. चारही भिंतींची लांबी २० फूट, सात फूट उंचीपर्यंत १४०. दरवाजाचे साधारण १७ वजा केले तर १२३. एकूण १४७, तुटफूट धरून १६० चौरस फूट घ्या. एक बाय दोन फुटाच्या टाइल्स असतील तर ८०. चार-पाच जास्तीच्या माळ्यावर ठेवा, कारण तोच रंग पुढच्या वर्षी मिळेलच असं नाही.

जमिनीला मॅट, खरखरीत टाइल घ्या. चकचकीत टाइल भिंतीला शोभते, पायाखाली ओली झाली की घसरते, आणि घरात आजी-आजोबा असतील तर यावर वाद नको. उतार चार फुटांना साधारण अर्धा इंच, ट्रॅपच्या दिशेने. गवंड्यासमोरच मग भरून पाणी ओता आणि कुठे थांबतंय ते बघा.

चौथं वीज. दोन किलोवॉटचा गिझर जवळजवळ नऊ अँपिअर करंट ओढतो, त्याला १६ अँपिअरचा पॉइंट आणि नीट अर्थिंग हवं. घराच्या बोर्डात आरसीसीबी नसेल तर आत्ताच बसवा. करंट गळला की तो लगेच वीज तोडतो.

आणि हो, सजावट!

आता मजा. छोट्या जागेत जमिनीवरची प्रत्येक वस्तू जागा खाते, म्हणून जे शक्य आहे ते भिंतीवर न्या. आत उघडणारा दरवाजा बाहेर उघडणारा किंवा सरकता केला तरी मोठा फरक पडतो. फिकट टाइल्स, एकाच भिंतीवर गडद रंग किंवा नक्षी, मोठा आरसा आणि त्याच्या वर लाइट. खिडकी असेल तर ती खोक्यांनी बुजवू नका, तिथे एक्झॉस्ट फॅन बसवा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर टॉवेलही वाळत नाही, बुरशी तिथूनच सुरू होते. कमोडशेजारी एक पकडायचा दांडा लावा. आज तो तुम्हाला नको असेल, बाबांना हवा असेल.

बजेट कमी असेल तर काय कापायचं? महागडे नळ, डिझायनर टाइल्स, ब्रँडेड शॉवर. हे पुढच्या दिवाळीतही बदलता येतं. पाइप, वॉटरप्रूफिंग आणि उतार यांतला एक रुपयाही कापू नका. ते बदलायचं म्हणजे वरचं सगळं पुन्हा फोडायचं.

एवढं केलंत की एका रविवारी खालच्या काकूंना नवीन बाथरूम बघायला बोलवा. आणि पहिला जोरदार पाऊस झाला की त्यांच्याकडे जाऊन एकदा छत बघून या.

भेटूया पुढच्या एपिसोडला. तोपर्यंत काळजी घ्या!