गुणवत्तेचे पहारेकरी आणि काळ्या स्त्रीची गोधडी

आरक्षणाचा विषय निघाला की या देशातील प्रस्थापित वर्ग एकच शब्द पुढे करतो : गुणवत्ता! अमेरिकेच्या कलाविश्वात कृष्णवर्णीय स्त्रीला दाराबाहेर ठेवतानाही हाच शब्द पहाऱ्यावर उभा होता. बाबासाहेबांनी १९४६ साली कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या दुःखाचे साम्य सांगितले होते. १९७२ साली ब्लॅक पँथरपासून प्रेरणा घेऊन दलित पँथर उभी राहिली. म्हणून त्या समाजातील कलावंत स्त्रियांची लढाई आपण समजून घेतली पाहिजे, असे आम्हाला वाटते.

ऑगस्टा सॅव्हेज या शिल्पकर्तीने १९२३ साली फ्रान्समधील उन्हाळी कलाशाळेसाठी अर्ज केला. ती काळी आहे हे कळताच अमेरिकी निवड समितीने तिला नाकारले. पुढे १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी तिने ‘द हार्प’ हे भव्य शिल्प घडवले. गाणाऱ्या काळ्या माणसांचीच तिने वीणा केली होती. ते शिल्प प्लास्टरचे होते. ब्राँझमध्ये ओतायला पैसा नव्हता. प्रदर्शन संपले आणि शिल्प फोडून टाकण्यात आले. येथे गुणवत्ता कमी पडली की पैसा आणि सत्ता?

हार्लेममध्ये १९३० साली जन्मलेल्या फेथ रिंगगोल्ड यांनी हा प्रश्न रस्त्यावर आणला. १९७० साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयासमोर निदर्शने झाली. प्रदर्शनात निम्मे कलावंत स्त्रिया असाव्यात आणि त्यात काळ्या स्त्रियांनाही स्थान हवे, ही मागणी होती. शिट्ट्या वाजल्या, संग्रहालयात अंडी ठेवली गेली. त्या वर्षीच्या शिल्पप्रदर्शनात बेटी सार आणि बार्बरा चेस-रिबू या दोन कृष्णवर्णीय स्त्रिया दिसल्या. दार आपोआप उघडले नाही, ते ढकलावे लागले!

काळ्यांच्या कलाचळवळीत पुरुष पुढे, स्त्रियांच्या चळवळीत गोऱ्या बायका पुढे. मग काळ्या स्त्रीने जायचे कोठे? १९७१ साली न्यूयॉर्कमध्ये कृष्णवर्णीय कलावंत स्त्रियांनी ‘व्हेअर वी अ‍ॅट’ हा स्वतःचा गट काढला, तो याच कोंडीतून. ही कोंडी दलित स्त्रीला वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

रिंगगोल्ड यांनी पुढे गोधडी हातात घेतली. त्यांच्या पूर्वज स्त्रिया गुलामीत गोधड्या शिवत होत्या. आईसोबत त्यांनी १९८० साली पहिली गोधडी केली आणि नंतर गोधड्यांवर चित्रांसोबत गोष्टी लिहिल्या. पण गोऱ्या पुरुषाने रंगवले तर ती ‘कला’ आणि काळ्या बाईने शिवले तर ते ‘हस्तकाम’, असा भेद तेथे होताच. श्रम करणाऱ्याच्या हाताला हलके लेखणारी ही दृष्टी आपल्या ओळखीची आहे. वर्णव्यवस्था दुसरे काय सांगते?

रिंगगोल्ड यांचे वांशिक हिंसाचारावरचे ‘डाय’ हे प्रचंड चित्र १९६७ सालचे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने ते घेतले २०१६ साली. मधल्या ४९ वर्षांत चित्र बदलले नव्हते. २०२४ साली रिंगगोल्ड यांचे निधन झाले.

आता आकडा पाहा. २००८ ते २०२० या काळात अमेरिकेतील ३१ संग्रहालयांनी मिळवलेल्या कलाकृतींपैकी कृष्णवर्णीय अमेरिकी स्त्रियांच्या कलाकृती फक्त ०.५ टक्के होत्या. लोकसंख्येत मात्र त्या सहा टक्क्यांहून अधिक आहेत. २०२२ साली व्हेनिसच्या जागतिक प्रदर्शनात सिमोन ली आणि ब्रिटनच्या सोनिया बॉइस या दोन कृष्णवर्णीय स्त्रियांना सुवर्णसिंह मिळाले. याचा आनंद आहेच. परंतु दोन सत्कारांनी ०.५ चा हिशेब चुकता होत नाही.

काय विकत घ्यायचे, काय भिंतीवर लावायचे हे समित्या ठरवतात. म्हणून प्रश्न निवडणाऱ्यांच्या खुर्च्यांचा आहे. बाबासाहेबांनी आपल्याला दया मागायला शिकवले नाही, प्रतिनिधित्व मागायला शिकवले. १९८९ साली उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा इतिहास ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथात नोंदवला. तशीच नोंद आता चित्र, शिल्प, गाणे आणि गोधडी करणाऱ्या आपल्या स्त्रियांची झाली पाहिजे. त्यांची कामे जपली पाहिजेत, विकत घेतली पाहिजेत आणि निवड समितीत त्यांना खुर्ची मिळाली पाहिजे. भिंतीवरची जागा त्या खुर्चीतूनच ठरते.