रास्गेआदो : अंगुलिप्रसारणाचा अभ्यास

स्पॅनिश गिटारवादनात उजव्या हाताच्या दोन पद्धती पूर्वापार चालत आल्या आहेत. एकेक तार छेडणे म्हणजे ‘पुंतेआदो’, आणि बोटे सर्व तारांवरून फिरवून स्वरसंघात वाजविणे म्हणजे ‘रास्गेआदो’. गास्पार सांस याच्या १६७४ सालच्या ग्रंथात दोहोंचेही विवेचन आहे. पुढे अभिजात वादनात पहिलीस प्राधान्य मिळाले, तर आंदालुसियातील फ्लामेंकोने दुसरीस आपल्या तालाचा आधार केले. तथापि होआकिन रोद्रिगो यांच्या ‘कोन्सिएर्तो दे आरान्हुएस’ (१९३९) या रचनेचा आरंभच रास्गेआदोने होतो. त्यामुळे अभिजात वादकासही तिची उपेक्षा करता येत नाही.

ही क्रिया विद्यार्थ्यास अवघड का वाटते? तार छेडताना बोट तळहाताकडे आकुंचित होते. रास्गेआदोत ते बाहेर प्रसरण पावते आणि नखाची बाह्य बाजू तारेवर आघात करते. पकडण्याच्या नित्य व्यवहारामुळे आकुंचक स्नायू बलवान असतात, प्रसारक स्नायू त्या मानाने दुर्बल. शिवाय तर्जनी व करंगळी यांना प्रसारणासाठी स्वतंत्र स्नायूही लाभलेले आहेत. मध्यमा व अनामिका यांना सामान्यतः तसे नसतात. अनामिकेची कंडरा तर शेजारच्या कंडरांशी तंतुबंधांनी जोडलेली असते. म्हणून ती एकटी उचलली जात नाही आणि तिचा आघात मध्यमेच्या आघातात मिसळून जातो. हा दोष प्रतिभेच्या अभावाचा नसून शरीररचनेचा आहे.

अभ्यासाची दिशा यावरूनच ठरते. डाव्या हाताने तारा हलकेच दाबून त्यांचा नाद बंद करावा, म्हणजे केवळ आघातच ऐकू येतील. अंगठा सहाव्या तारेवर टेकवून करंगळी, अनामिका, मध्यमा व तर्जनी या क्रमाने बोटे मेट्रोनोमच्या संथ लयीत सोडावीत. चारही आघात अंतराने व बलाने समान झाल्यावाचून लय वाढवू नये. जोर कोपरातून आणल्यास विषमता केवळ झाकली जाते. ‘आबानिको’ (पंखा) या प्रकारात अंगठा व बोटे हाताच्या परिभ्रमणाने फिरतात. तो त्वरेस उपयुक्त असला, तरी अंगुलिप्रसारणाच्या अभ्यासाची जागा घेऊ शकत नाही. वेदना होताच थांबावे.

या समतेचे प्रयोजन केवळ सफाई नव्हे. ‘सोलेआ’च्या बारा मात्रांच्या आवर्तनात ३, ६, ८, १० व १२ या मात्रांवर जोर येतो. अनामिकेचा आघात गळाल्यास पुढील आघात आपल्या स्थानावरून ढळतात, आणि त्यांच्या आधारे गाणारा व नाचणारा तालास मुकतो.