पडद्यावरची शाळा (भाग 7) : फोडलेल्या प्रयोगशाळेचा हिशेब

गेल्या आठवड्यात ‘फँड्री’तल्या जब्याचा दगड पाहिला. तो दगड थेट आपल्या अंगावर येतो आणि सिनेमा तिथंच थांबतो. आजचा सिनेमा दगड मारून झाल्यावर पुढं काय, या प्रश्नावर उभा आहे: सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 2002 सालचा ‘दहावी फ’.

शाळेत मार्कांनुसार तुकड्या. ‘अ’ तुकडीत हुशार, खात्यापित्या घरची मुलं. ‘फ’मध्ये कमी मार्कांची आणि बहुतेक गरीब घरची. भांडण होतं, शाळेचं माप ‘अ’कडं झुकतं, आणि अपमान गिळता न आलेली ‘फ’ची पोरं प्रयोगशाळा फोडतात. कारवाई होते. मग देशमुख सर (अतुल कुलकर्णी) या पोरांना गोळा करतात आणि नुकसान आपणच भरून द्यायचं, मिळेल ते काम करून पैसे जमवायचे, असं ठरतं.

सुमित्राताई पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवत होत्या, तिथून सिनेमाकडं आल्या. ते या चित्रपटात दिसतं. शाळेतल्या हिंसेवरचाच दुसरा सिनेमा शेजारी ठेवून पाहा. अमेरिकेतल्या कोलंबाइन शाळेत 1999 साली गोळीबार झाला. त्या धक्क्यातून आलेला गस व्हॅन सँटचा ‘एलिफंट’ (2003) कारण सांगायचं मुद्दाम टाळतो. भावे-सुकथनकरांना कारण सांगायचंच आहे. त्यांच्या लेखी काचा फुटल्या ती दुसरी हिंसा. पहिली झाली ती जूनमध्ये, तुकड्यांची यादी फळ्यावर लागली तेव्हा. त्या यादीचा पंचनामा कुणी करत नाही.

चाकणजवळच्या आमच्या कुरुळीत ही यादी वेगळ्या रूपात येते. चिंबळी फाट्यापासून चाकणपर्यंत सकाळी पहिल्या पाळीच्या बसगाड्या, कंटेनर, आणि रस्त्याच्या कडेनं दप्तर सांभाळत चाललेली पोरं. यातली कितीतरी वर्षाच्या मधेच आलेली असतात. बापाला निघोज्यात किंवा म्हाळुंग्यात ठेकेदाराकडं काम लागलं म्हणून लातूर, बुलढाणा, नाहीतर थेट बिहार सोडून. दाखला अजून गावाकडच्या शाळेत, भाषेचा हेल वेगळा, त्यावरून वर्गात नाव पडलेलं. घरी दहा बाय दहाची खोली. बाप रात्रपाळी करून झोपलेला, म्हणून लाइट लावायची नाही. पोरगं दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडात गणितं सोडवतं. असं मूल चिडून कुणाच्या अंगावर गेलं की शिक्षकांच्या खोलीत ते ‘बाहेरचं’ ठरतं.

आणि नववीत नापास झालं, तर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, ‘सतरा नंबरचा फॉर्म भर, बाहेरून बस.’ हा फॉर्म शाळा सुटलेल्यांना पुन्हा परीक्षेला बसता यावं यासाठी आहे. शंभर टक्के निकालाचा फलक लावायची हौस असलेल्या शाळा त्याचा उपयोग कच्ची पोरं बाहेर काढायला करतात. हात न उगारता काढून टाकायची ही पद्धत मला छडीपेक्षा क्रूर वाटते.

कायदाही इथंच आखडता हात घेतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं मारहाण आणि मानसिक छळाला बंदी घातली, शाळेतून काढायलाही मनाई केली. पण तो 6 ते 14 वयासाठी, आठवीपर्यंत. नववी-दहावी, जिथं खरा ताण असतो, ती या छत्रीबाहेर. उलट 2015 चा बाल न्याय कायदा बराच ‘देशमुख सरां’सारखा विचार करतो: चुकलेल्या मुलाला समज देऊन घरी पाठवणं, समुपदेशन, समाजसेवेचं काम, असे मार्ग त्यात आहेत. म्हणजे बाल न्याय मंडळापुढं गेलेल्या पोराला जी संधी मिळू शकते, ती मुख्याध्यापकांच्या खोलीत मिळेलच असं नाही.

सिनेमाबद्दल एक तक्रार मात्र आहे. कष्ट करून भरपाई करण्यातला गोडवा शहरी प्रेक्षकाला भावतो; आमच्याकडं तो तसा उतरत नाही. इथं पंधरा वर्षांच्या पोराला काम शोधावं लागत नाही, काम त्याला शोधत येतं. धोक्याच्या कामावर 18 च्या आतलं मूल ठेवायला बालकामगार कायद्यातल्या 2016 च्या दुरुस्तीनं बंदी आहे, तरी गॅरेज, हॉटेल, भंगाराची दुकानं आहेतच. पहिला पगार हातात पडला की शाळा आपोआप सुटते. म्हणून कुरुळीतून पाहताना या सिनेमात पोरांनी गाळलेल्या घामापेक्षा देशमुख सरांचा हट्ट महत्त्वाचा वाटतो. कमवा, पण वर्गात परत यायचंय, हे ते सुटू देत नाहीत. असा एक माणूस शाळेत नसेल, तर हीच गोष्ट शाळा सोडल्याच्या दाखल्यावर संपते.

पुढच्या आठवड्यात अविनाश अरुणचा ‘किल्ला’. बदलीमुळं पुण्याहून कोकणातल्या शाळेत येऊन पडलेल्या मुलाची गोष्ट. मधेच आलेल्या पोराला वर्ग कसा घेतो, ते तिथं पाहू.