डब्यातली चिलापी

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याकाठी. यंदा बारामतीला एफवायबीएस्सीला प्रवेश घेतला. सोमवारी सकाळच्या एसटीला बसताना आई डब्यात तळलेली चिलापी देते. परवा डबा उघडला आणि फलटणच्या मैत्रिणीने विचारलं, "कुठला गं हा मासा?" म्हणून ही पोस्ट.

चिलापी म्हणजे तिलापिया. मूळ आफ्रिकेतला. मोझांबिक तिलापिया भारतात १९५२ साली आणला. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, आणि आज त्या पाण्यात चिलापी भरपूर आहे. भिगवणच्या मासळी बाजारात रोहू, कटला, मरळ यांच्याबरोबर तीही असतेच.

ती एवढी का वाढते? मादी अंडी तोंडात सांभाळते. पिल्लं बाहेर पडली तरी धोका दिसला की परत आईच्या तोंडात शिरतात! या दिवसांत ती जवळजवळ काही खात नाही. त्यामुळे पिल्लं जास्त जगतात आणि देशी माशांना ती जड जाते. मला चिलापी मनापासून आवडते, तरी देशी माशांची काळजी वाटते.

आई खवले काढून दोन्ही बाजूंनी तिरक्या चिरा देते, म्हणजे तिखट-मीठ आत मुरतं. मग हळद, ठेचलेला लसूण, घरचं तिखट, आणि लोखंडी तवा. सोबत ज्वारीची भाकरी. मेसमध्ये सगळं मिळतं, हे मिळत नाही.

काटे कसे काढायचे, ताजा मासा कसा ओळखायचा, काहीही विचारा. तुमच्याकडे चिलापीला काय म्हणतात, तेही सांगा.